गणितही हवे, कबड्डीही हवी

प्रा. सुनंदा घरत यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथात मी लिहावेच, असा संपादकांचा आग्रह आहे. मॅडमशी सर्वांत जास्त वाद घातलेला माणूस म्हणून माझी निवड झाली असावी.

मुरबाडहून शहापूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात आमचा पहिला परिचय झाला. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची कविता नावाची मुलगी अकरावी विज्ञानाला आली होती. कबड्डीत तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी मी पाहिली नव्हती. गणितात मात्र आनंदीआनंद होता. गणित सोडून भूगोल घे, टक्के वाढतील, सरावालाही वेळ मिळेल, असे मी तिला सुचवले. वर्गशिक्षकांनाही ते पटले. विषयबदलाचा अर्ज गणित शिकवणाऱ्या मॅडमकडे सहीसाठी नेला, तेव्हा त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला.

"सर, तिला काय शिकायचंय, हे विचारलंत का?"

कविताला बोलावले. ती खाली मान घालून म्हणाली, "इंजिनीअर व्हायचंय. गणित जमत नाय, पण सोडायचं नाय."

अर्ज मलाच फाडावा लागला.

तेथून माझा वैताग सुरू झाला. माझा सराव संध्याकाळी, मॅडमचा जादा तासही संध्याकाळी. सराव सकाळी घ्या, असे त्यांनी सुचवले. डोळखांबची पहिली एसटी तेवढ्या लवकर पोहोचत नाही, असे मी म्हणालो आणि प्रश्न मिटला असे समजलो. चार दिवसांत कविता मॅडमच्या घरी राहायला आली. घर दोन खोल्यांचे, त्यात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. मुलगी दमते, दोन्हींपैकी एक काहीतरी सोडू द्या, असे मी वारंवार सांगितले. मॅडमनी प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घेतले आणि तिच्या डब्यात एक भाकरी वाढवली.

बारावीला तर कहर झाला. जिल्हा स्पर्धा आणि गणिताची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी आली. तोवर मलाही बोर्डाची धास्ती वाटू लागली होती. सामना राहू द्या, असे मीच म्हटले. मॅडम ऐकेनात. तिने वर्षभर घाम गाळला आहे, तिला जाऊ द्या, पेपर मी नंतर घेईन, असे त्यांचे म्हणणे. आम्ही उपांत्य सामना हरून परतलो. मॅडमनी कवितासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढली आणि ती आधीच्यापेक्षा अवघड निघाली. कारण विचारले, तर तिला अभ्यासाला जास्त वेळ मिळाला ना, असे उत्तर.

निकाल लागला. भूगोल घेतलेली मुले टक्क्यांत कविताच्या कितीतरी पुढे गेली. सीईटीतही तिला जेमतेमच गुण पडले. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत तिचे नाव नव्हते, दुसरीतही नव्हते. तिची आई भाताची लावणी टाकून कॉलेजात आली.

"सर, तुमी सांगितलं तसं भूगोल घेतला असता, तर पोरीचा कुठं तरी नंबर लागला असता, नाय का?"

माझेच म्हणणे खरे ठरत होते आणि मला त्याचा मुळीच आनंद होत नव्हता. मी मॅडमकडे पाहिले. त्यांनी सारवासारव केली नाही.

"लागला असता," त्या म्हणाल्या. "पण तिला नको होतं तिथं. ताई, अजून एक फेरी आहे."

त्या फेरीत दूरच्या एका महाविद्यालयात कविताला स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी तिचा गणिताचा पेपर राहिला. सुट्टीत मॅडमनी तो पुन्हा शिकवला, नेहमीप्रमाणे रागावून. आज ती पुलांच्या कामावर अभियंता आहे आणि गावी आली की आमच्या मुलींची चढाई सैल झाल्याबद्दल मला बोलून जाते.

कोणी म्हणेल, म्हणजे गणित घ्यावेच. तसे नाही. भूगोल मनापासून हवा असलेल्या मुलांच्या अर्जांवर मॅडमनीच सह्या केल्या आहेत. टक्क्यांसाठी विषय बदलणाऱ्यांना मात्र त्यांनी कधी सोडले नाही, आणि त्यांच्या पालकांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या.

गेल्या वर्षी मॅडमच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. जिने चढू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्या तिसऱ्या मजल्यावर मुलांना शिकवायला जातात. मॅडम, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आणि कधीतरी दुसऱ्याचे ऐकण्याची बुद्धी आपल्याला होवो. यातले शेवटचे घडणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. पहिली दोन मात्र घडलीच पाहिजेत.