खाणीतून वर काढलेली गाडी

आमच्या गल्लीत तिला सगळे मिस्त्रीण म्हणतात. मी वहिनी म्हणतो, कारण तिचा नवरा माझा दोस्त. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता गॅरेजला टाळं लागणार. पण कार्बोरेटरचं काम तो असतानाही तीच करायची, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. तो इंजिनं उघडायचा आणि गप्पा छाटायचा. ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पेट्रोल सोडणाऱ्या पितळी जेटच्या बारक्या भोकात फुंकर मारायची आणि जेट उजेडाकडे धरून बघायची.

टू-स्ट्रोक मोटरसायकली आता फारशा उरल्या नाहीत. ज्यांच्याकडे आहेत ते जिवापलीकडे जपतात आणि अडलं की हिच्याकडे येतात. गाडी चालू ठेवून ती हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू हळूहळू फिरवते आणि मान तिरकी करून ऐकते. त्या वेळी कुणी तोंड उघडलं की संपलंच. "भावजी, तुमच्या सगळ्या टायरांना भोकं पाडीन," असं तिनं मला कैकदा ऐकवलंय. माझं पंक्चरचं दुकान तिच्या अगदी समोर.

एका दुपारी एक टेलरबाई गाडी ढकलत आली. हात लांब ठेवून, अंग चोरून, चावरं जनावर न्यावं तशी.

"भावाची आहे," ती म्हणाली. "बंद केली तरी बंद होत नाही."

"म्हणजे?"

"चावी काढली तरी चालूच. वर आवाज वाढत जातो. काल मी आणि आई दारं लावून आत बसलो, पेट्रोल संपेपर्यंत."

वहिनी हसली. "भूतबीत काही नाही हो. कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरतेय. इंजिन तापतं, आतली काजळी निखाऱ्यासारखी लाल होते. मग ठिणगीची गरजच उरत नाही. भावाला पाठवायचं ना, सांगितलं असतं समजावून."

"तो नाही आता. मागच्या हिवाळ्यात खाणीत... गाडीसकट."

वहिनीचं हसू जागच्या जागी विरलं. ती गोष्ट सगळ्यांच्या कानावर होती. गावाबाहेर दगडाची बंद पडलेली खाण आहे, पाण्यानं भरलेली. तिच्या काठाशी तो पोरगा गाडी लावून बसायचा. त्या दिवशी निघताना गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं आणि पाठ खाणीकडे. लांबून बघणाऱ्या एकानं सांगितलं की तो बसल्या बसल्या सरळ मागे गेला आणि दिसेनासा झाला. जमीन सपाट. सपाटीवर गाडी आपोआप मागे जाते का? मुद्दामच गेला असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. घरात तर त्याचं नाव काढणंच बंद झालं.

वहिनीनं कार्बोरेटर खाली घेतला. तळाच्या वाटीत दगडाची करडी भुकटी बसली होती. गाडी बाहेर काढल्यावर कुणीतरी ती धुऊन चालू केली होती म्हणे, पण वरवरच. तिनं जेट साफ केले, पेट्रोल जरा जास्त मिळावं म्हणून सुईची क्लिप एक खाच खाली घेतली आणि किक मारली. इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत चालायला लागलं. मी माझ्या दुकानातून शाबासकीचा अंगठा वर केला.

तिनं चावी फिरवून काढून घेतली. इंजिन चालूच राहिलं.

तिनं पेट्रोलचा कॉक बंद केला. वाटीतलं पेट्रोल कमी होत गेलं तसा आवाज चढत गेला. बंद शटरं थरथरायला लागली. मग इंजिननं एक गचका खाल्ला, जवळजवळ थांबलं आणि पुन्हा पेटलं. आवाज तोच, पण कुठेतरी चुकलेला. ओळखीच्या माणसानं आपलं नाव उलटं उच्चारावं तसा.

वहिनी गाडीवर बसली. अशा वेळी करतात तेच तिनं केलं. पहिला गिअर टाकायचा, ब्रेक दाबायचा, क्लच सोडायचा, की इंजिन गुदमरून बंद पडतं. पण ब्रेकची तार जुनाट होती, ती तटकन तुटली. आणि गाडी मागे गेली.

पहिल्या गिअरमध्ये, तिला पाठीवर घेऊन, मागे. भिंतीवरच्या फळ्या कोसळल्या आणि वहिनी गाडी अन् भिंतीच्या मध्ये अडकली. मी धावलो. मी पोचेपर्यंत तिनं खाली वाकून कार्बोरेटरच्या हवा ओढणाऱ्या उघड्या तोंडावर तळहात दाबला होता. चाक दोन झटके देऊन थांबलं.

टेलरबाई दारात उभी होती, पांढरीफटक.

"उलटी गेली," ती पुटपुटली.

"हो." वहिनीला धाप लागली होती. "टू-स्ट्रोक उलटंसुद्धा फिरतं. फार क्वचित. मी फक्त ऐकून होते." मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "बाई, तुमच्या भावाचंही हेच झालं असेल. इंजिन उलटं फिरतंय हे न कळता निघायला म्हणून गिअर टाकला असेल. तो कुठेही मुद्दाम गेला नव्हता."

टेलरबाई तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "हे आईला माझ्या तोंडून खरं वाटणार नाही. तुम्ही दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईला घेऊन आली. वहिनीनं काहीच दुरुस्त केलं नव्हतं. तिनं गाडी मधल्या स्टँडवर चढवली, दोरखंडानं खांबाला बांधली आणि इंजिन तापवलं. चावी काढली, कॉक बंद केला आणि आम्ही वाट बघत राहिलो. गचका काही येईना. तिनं पुन्हा पुन्हा खटपट केली. मी म्हणणार होतो, राहू दे आता. तेवढ्यात तो आवाज आला.

वहिनीनं गिअर टाकला. मागचं चाक उलटं फिरायला लागलं.

म्हातारी जवळ गेली आणि चाकाकडे एकटक बघत राहिली. त्या वाऱ्यानं तिचा पदर हलत होता.

"म्हणजे तो घरीच यायला निघाला होता," ती म्हणाली.

"हो, आई," वहिनी म्हणाली.

"पुन्हा दाखव, पोरी."

वहिनीनं पुन्हा दाखवलं. नंतर मायलेकी एकमेकींचा हात धरून गेल्या, आणि वळणापर्यंत म्हातारीचं बोलणं ऐकू येत होतं. त्याचं नाव घेऊन बोलत होती.

वहिनीनं इंजिन उघडलं. क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, एका बाजूचं रबरी सील चिरलं होतं, तिथूनच हवा शिरत होती. नवं सील बसलं, काजळी खरवडली, ब्रेकची तार बदलली. गाडी आता टेलरबाई चालवते आणि एका चावीत बंद होते.

पण एक गोष्ट वहिनीनं त्या दोघींना सांगितली नाही. मला सांगितली, तीही बरीच उशिरा, चहा पिता पिता. पहिल्या दिवशी आम्ही फळ्या उचलत होतो, तेव्हा तिनं वाटी उघडून बघितली होती. आत थेंबभरही पेट्रोल नव्हतं. ठणठणीत कोरडी.

"मग गाडी चालली कशावर?" मी विचारलं.

"क्रँकखालच्या पोकळीत साचलेलं असतं थोडं. त्यावर चालते घटकाभर."

"मग झालं की."

"हो, तेच असणार." तिनं कप खाली ठेवला आणि तळहात लुगड्याला पुसला. "पण भावजी, हात दाबला ना, तेव्हा इंजिननं हवा ओढली नाही. आतून बाहेर फुंकली. गार होती, खाणीतल्या पाण्यासारखी."

"तापलेल्या इंजिनातून?"

दारात एक गिऱ्हाईक गाडी घेऊन उभं होतं. वहिनी उठली आणि पाना घेऊन त्याच्याकडे गेली.