कोपऱ्यातली सही

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मंगरूळपीरला माझं जुन्या सामानाचं दुकान होतं. जऊळक्याच्या स्टेशनावर पोती वाहून मी ते उभं केलं होतं. बदली झालेल्या एका साहेबाचं फर्निचर घेतलं, त्यात एक मोठं चित्र आलं. माणूस नाही, झाड नाही. तांबडा आणि काळा रंग, जाड थरांनी चढवलेला.

"अवो, हे काय आणलं?" बायको म्हणाली. "भितीले पोतेरं मारल्यावानी दिसते."

मला मात्र त्याच्यापुढून हलवेना. माल ओळखायला मी शाळेत शिकलो नव्हतो, पण माझी नजर कधी चुकली नव्हती. वाळवी लागू नये म्हणून चित्र विटांवर ठेवलं. ऊन येऊ दिलं नाही. मऊ धोतराच्या फडक्यानं धूळ मीच झटकायचो. बायकोनं एकदा ओलं फडकं लावलं, तर मी घर डोक्यावर घेतलं.

माझी नजर खरी आहे, हे कोणा शिकलेल्याच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून शाळेच्या ड्रॉइंग मास्तरला बोलावलं. त्यानं चहा पिला, चित्राचे चारही कोपरे पाहिले आणि हसला.

"सही कुठं हाये, शेठ? बापाचं नाव नाही, त्या लेकराले कोण इचारते? चुलीत घाला."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. तीही हसली. मी मास्तरला पायऱ्या उतरवल्या, पण बोल डोक्यात राहिला. आमच्या धंद्यात सहीशिवाय कागदही चालत नाही. दुसऱ्याच दिवशी बसस्टँडजवळच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला आणलं.

"काय लिहू, शेठ?"

"तुह्यंच नाव लिही. कोण पाह्यते!"

त्यानं पाटीवर टाकतो तशीच झोकदार सही कोपऱ्यात टाकली, खाली गावाचं नावही लिहिलं.

दोनेक महिन्यांनी अमरावतीचे एक प्राध्यापक कपाट पाहायला आले आणि चित्रापाशीच थांबले. वाकून रंगाचे थर न्याहाळले. मग म्हणाले, "चांगल्या हाताचं काम आहे. ठेवलंयही नीट. पण ही सही दुसऱ्याच रंगाची आहे. कुणी केली?"

मी रॉकेलची बाटली उचलली. "पुसून देतो," म्हणालो आणि ते नको नको म्हणेपर्यंत रॉकेलचा बोळा घासला. सही गेली. तिच्याबरोबर खालचा तांबडा रंगही गेला. तळहाताएवढं कोरं कापड उघडं पडलं.

"तुम्ही ओळखलं होतं ना हे?" त्यांनी विचारलं. "मग सही कशाला हवी होती?"

मास्तरचं नाव जिभेवर आलं होतं. ते गिळून मी चित्राचा भाव सांगितला, मग अर्ध्यावर आणला, मग कपाटाबरोबर फुकट देतो म्हणालो. त्यांनी घासाघीस केली नाही. फक्त कपाट ट्रकवर चढवलं, नमस्कार केला आणि गेले.