ओडिएलच्या दारातली रेषा

सायकल शर्यतीतलं देशाचं अजिंक्यपद जिंकून आल्यावर ओडिएलनं आमच्या गावात ‘चाक’ नावाचा कॅफे घेतला. अजिंक्यवीराची काळी-पिवळी-लाल जर्सी काचेआड टांगली. जत्रेतल्या सायकल शर्यतीची शेवटची रेषा त्याच्याच दारासमोर आखायची, असं गावानं ठरवलं. दर वर्षी त्या दुपारी त्याला बिअरचं पिंपावर पिंप उघडायला हात पुरायचे नाहीत.

आता हे अजिंक्यपद मिळालं कुणामुळे? कामिएलमुळे. ऐन शर्यतीत ओडिएलचं टायर फुटलं, तेव्हा संघातल्या कामिएलनं आपलं चाक काढून दिलं आणि स्वतः बीटाच्या शेताकडेला बसून राहिला. अशा चाकाची परतफेड तो मागेल तेव्हा, मागेल तिथे करायची, आणि फेडणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बोलायचंच तर परतफेड घेणाऱ्यानं. आमच्या फ्लँडर्समध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही.

कामिएलनं परतफेड मागितली ती नेमकी आमच्या जत्रेत! शेजारगावचा हा गडी मेडार्ड खाटकाच्या मुलीवर, खोडलीववर भाळला होता, आणि मेडार्डला हरणारा जावई नको होता. शर्यतीत शेवटी तो आणि ओडिएल दोघंच पुढे राहिले. रेषा समोर दिसली आणि ओडिएलनं ब्रेक दाबला. स्वतःच्या दारात, अख्ख्या गावासमोर!

“विकली रे, मेल्यानं शर्यत विकली!” सगळ्यात मोठ्यानं मेडार्डच ओरडला. जावई मात्र जिंकलेला कामिएलच पत्करला.

खोडलीवनं खरी गोष्ट माझ्या बायकोला सांगितली. मी ती गावभर केली, पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी तर पाद्रीबाबांच्या स्वयंपाकीणबाईबद्दलही काहीबाही बोलतो.

कामिएलनं चर्चसमोर कॅफे थाटला. सासऱ्याचे सॉसेज, जावयाची बिअर. गाव तिकडे वळलं. ओडिएलची इर्मा रिकाम्या खुर्च्या पुसून कंटाळली आणि बहिणीकडे निघून गेली, ती गेलीच. ओडिएल सकाळी शाळेचं आवार झाडू लागला. वर्षातून एक, जत्रेची दुपार तेवढी त्याची उरली होती.

परवा जत्रेच्या समितीनं तीही काढली. बैठक अर्थातच कामिएलच्या कॅफेत.

“रेषा इथे आणू. तिकडे जातंय कोण?” अध्यक्ष म्हणाले.

“शर्यत विकणाऱ्याच्या दारात कशाला हवी?” मागून कुणीतरी टोमणा मारला.

ओडिएल उभा राहिला. सत्तरीचा माणूस, कान लाल झालेले. “कामिएल, आता तरी सांग रे यांना.”

कामिएल बिअरच्या पेल्यावरचा फेस सुरीनं कापत होता. “काय सांगू? किती वर्षं झाली, ओडिएल. आठवतंय कुणाला!”

खोडलीव ताट घेऊन आत गेली. हात वर झाले. रेषा हलली.

तेवढ्यावर थांबेल तो कामिएल कसला? दारापर्यंत ओडिएलच्या मागे गेला, खांद्यावर हात टाकला. “रागावू नकोस गड्या. तू आमचा चॅम्पियन. रविवारी रेषेवर झेंडा तूच हलव. लोकांना बरं वाटेल.”

मला वाटलं, आता तरी एक ठेवून देईल.

“किती वाजता येऊ?” ओडिएलनं विचारलं.