गाडीचं पुस्तक आणि आप्पांचे कान

ही गाडी मी तिच्या पुस्तकासाठी घेतली असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत कामाला आहे. तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपली जुनी, लांबलचक सेडान विकायला काढली. बघायला गेले तर डिकीत जाडजूड सर्व्हिस मॅन्युअल पडलेलं. गाडीबरोबर सगळ्यांना मिळतं ते चिटुकलं पुस्तक नव्हे. हे मेकॅनिकसाठीचं होतं, प्रत्येक नट किती आवळायचा ते आकड्यात सांगणारं. उभ्या उभ्या मी वीसेक पानं वाचली. साहेब शेवटी म्हणाले, "मॅडम, गाडी पण बघून घ्या."

माझे वडील, आप्पा, दौंडला रेल्वेत डिझेल इंजिनांचे फिटर होते. आता निवृत्त आहेत. आईवडिलांना भेटायला मी दर रविवारी न्हावऱ्यावरून दौंडला जाते. ही गाडी पहिल्यांदा त्यांच्या गल्लीत शिरली तेव्हा निम्मी गल्ली तिनेच भरली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "ही गाडी हाय का यस्टी?" आणि मी उतरायच्या आत दुसरा प्रश्न, "किती देती?" आमच्याकडे गाडीची किंमत नंतर विचारतात, आधी लिटरला किती देते ते.

मला वाटलं होतं आप्पा पुस्तकाला नावं ठेवतील. हयात सगळी हाताने काम करण्यात गेलेली. पण आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेले ते पहिले, आणि पुस्तकाला नावं ठेवणं त्यांना जमतच नाही. त्यांनी त्याला खाकी कव्हर घातलं, पहिलीच्या पोराच्या पुस्तकाला घालतात तसं, आणि हुकूम सोडला : ऑइलच्या हातानं पानाला शिवायचं न्हाई. म्हणजे ठरलंच. मी स्वच्छ हातांनी इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगायचं, त्यांनी काम करायचं. हात काळे करायची हौस माझी आणि माझ्याच वाट्याला पोथी! मी चिडले, पण त्यांच्यापुढे कोणाचं चालतं?

चिडले तरी मजा येत होती. एकदा त्यांनी चाकाचे पाच नट साध्या पान्याने आवळले. माझ्याकडे टॉर्क रेंच होता, ठरलेला जोर लागला की 'टिक' करणारा पाना. पुस्तकातला आकडा लावून मी एकेक नट तपासला. चार जागचे हललेसुद्धा नाहीत, नुसती टिक वाजली. पाचवा केसभर फिरला. "त्याच्या आट्यात गंज हाय," आप्पा न बघता म्हणाले. नट काढून पाहिला तर खरंच गंज. तळहाताला आकडा कसा कळतो, हे मला आजही कळलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "नट आधी ऐकतो, मग अडतो, मग रडतो. रडायच्या आधी थांबायचं."

आणि त्यांचा कान तर काय विचारता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. रेल्वेत साहेब लोक त्यांना त्यासाठी बोलावून न्यायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

दिवाळीनंतर गाडी घोंगावू लागली. साठच्या पुढे गेलं की बारीक, एकसुरी घुंऽऽ. आप्पा शेजारी बसलेले असताना मी विचारलं, तर म्हणाले, "रस्त्याचा हाय." पुढच्या खेपेला म्हणाले, "टायरचा हाय." तिसऱ्या वेळी त्यांनी बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हर लावला, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "काय न्हाई. मशीन गप हाय." त्यांनी गप म्हटल्यावर ती गपच असणार. मी विषय सोडला.

सोडला म्हणजे तोंडाने सोडला. पुस्तकात आवाजांचा एक तक्ता होता. घोंगावणारा आवाज डावीकडे वळताना वाढला तर पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डाव्याचं. इतकी सोपी गोष्ट करून न बघणं माझ्याच्याने होईना. न्हावऱ्याच्या पुढे सरळ, मोकळ्या रस्त्यावर मी गाडी नागमोडी चालवली. डावीकडे घेतली की आवाज वाढे, उजवीकडे घेतली की गायब. एक ट्रॅक्टरवाला थांबून बघत राहिला. मला इतका आनंद झाला की बेअरिंग गेलंय याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.

ते वाटलं दौंडला पोचल्यावर. गाडी मी या खेपेला दौंडलाच ठेवून जाणार होते, आणि येत्या गुरुवारी आप्पा तीच घेऊन आईला खुटबावला मावशीकडे नेणार होते. बेअरिंग पार गेलं तर चालत्या गाडीचं चाक डगमगतं, कधी जागच्या जागी जाम होतं. सांगायलाच हवं होतं. पण आवाज मला ऐकू येतो आणि त्यांना नाही, हे ज्याच्या कानाची आख्ख्या रेल्वेत ख्याती होती त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? मग एकेक आठवू लागलं. अलीकडे मी वाचत असताना ते मध्येच "दाखव" म्हणून हात पुसत पानावर वाकायचे. मला वाटायचं, आकृत्या बघायची हौस.

चाक एकदा बघू या, एवढंच म्हणून मी अंगणात जॅक लावून पुढचं उजवं चाक उचललं. आई पायरीवर गवार मोडत बसली होती. आप्पांनी चाक हाताने फिरवलं. चार हातांवरून मला ऐकू आलं, जात्यात खडा सापडल्यासारखं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "गप हाय," म्हणाले.

मी पुस्तकात डोकं घातलं. वाद घालायचं धाडस नव्हतं म्हणून घातलं, खरं सांगते. तिथेच खालच्या बाजूला एक ओळ सापडली. मी ती वाचली, "एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर हाताला खरखर जाणवते."

"दाखव," आप्पा म्हणाले. मी पान समोर धरलं. त्यांनी वाचलं, मग हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दुसऱ्या बाजूला जॅक लावून डावं चाकही तसंच पाहिलं, परत उजव्याकडे आले आणि तिथेच जमिनीवर बसले.

"कवापासनं हाय हे?"

"दिवाळीपासनं."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तीनदा सांगितलं, आप्पा. तुम्ही टायरचा आवाज म्हणालात."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "गाडीत तू बोलतीस त्यातलं निम्मं कळत न्हाई मला," म्हणाले. "काहीतरी म्हणायचं म्हणून टायर म्हणलो आसंन." मला रडू येत होतं, आणि रडले तर ते उठून आत जातील हेही माहीत होतं. तेवढ्यात त्यांनी पुस्तकाकडे बोट केलं. "गुरुवारी यस्टीनं जाऊ आम्ही. पुढं काय करायचं लिवलंय? मोठ्यानं वाच."

मी घसा खाकरून वाचलं, "चाकाच्या मधोमधचा, हबचा मोठा नट ढिला करण्याआधी गाडी जमिनीवर घ्या!" त्यांनी मान डोलावली. मी आणखी मोठ्याने नट आवळायचा आकडा वाचला. समोरच्या घराचं दार उघडलं, कोणीतरी डोकावलं. आकडा पुन्हा ओरडून सांगताना माझा आवाज फाटला.

"एवढं वरडू नगंस," आप्पा म्हणाले. "बहिरा हाय का मी?"

आईने गवारीवरची नजर काढली नाही. "व्हय," ती म्हणाली. "चार वर्सं झाली."