तळ्यावरचं मंडळ

धामनोदला बस चहासाठी थांबली होती. शेजारच्या पंक्चरवाल्याने ट्रकची फुगवलेली ट्यूब पाण्याच्या टाकीत दाबली. ओल्या रबराचा तो कडवट वास नाकात शिरला. इतकी वर्षं झाली, तरी या वासाबरोबर मला आधी भीतीच आठवते. तळं, सकाळचं ऊन, बायकांचा कलकलाट हे सगळं मागून, सावकाश येतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील देवासच्या एका कारखान्यात नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला घेऊन धारला, माझ्या आत्याकडे जायची. आत्या मुलींच्या शाळेत शिकवायची. एका वर्षी धरमपुरीला नर्मदा ओलांडताना नाव उलटली आणि आत्याच्या शाळेतली तिची जिवाभावाची मैत्रीण बुडाली. काठ अगदी जवळ होता म्हणे. तिचे दिवस झाल्यावर आत्याने गल्लीतल्या बायका जमवल्या. म्हणाली, "नर्मदामाईला जाणं काही आपण सोडणार नाही. मग पोहणं तरी शिकू या." ती स्वतः लहानपणी भावांबरोबर विहिरीत शिकलेली. असं ते मंडळ निघालं. जुन्या लुगड्यांचे काष्टे घट्ट मारून, ट्यूबा खांद्यावर टाकून आमच्या मराठी बायका आणि शेजारच्या माळवी बायका तळ्याकडे निघाल्या, की लोक दारं उघडून बघत. पहिल्या वर्षी हसले. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच लेकीसुना येऊ लागल्या.

आई मात्र पाण्यात कधी उतरली नाही. ती साताऱ्याकडची. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत तिची धाकटी बहीण विहिरीत गेली होती. मला पाठवायलाही ती तयार नव्हती. शेवटी माझ्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं टोक आईने धरायचं, यावर तोड निघाली. घाटाच्या पायरीवर ती दोर मुठीत आवळून बसायची. तिचा चेहरा बघितला की मला पाण्याची नसलेली भीतीही वाटू लागायची. माझे पाय तळापासून सुटले रे सुटले, की ती दोर ताणून धरायची.

ज्या दिवशी मी पहिल्यांदा ट्यूब सोडून पोहले, त्याच दिवशी ते घडलं. तळ्यात पूर्वी शिंगाड्याची लागवड होती. तिचा एक जुना खुंट पाण्याखाली राहून गेला होता. माझा दोर त्याच्या बुडाशी अडकला. मला हिसका बसला, मी ओरडले, आणि आईने घाबरून दोर ओढला. ती मला काठाकडे ओढत होती, पण दोर खुंटाच्या बुडाला वळसा घालून जात असल्यामुळे मी खाली, खाली जात होते. हिरवा अंधार. नाकातोंडात चिखलाची चव. वरून आत्याचा आवाज फाटून येत होता, "वहिनी, दोर सोडा! सोडा आधी!" एक माळवी बाई ओरडत होती, "छोड़ दो बाई, छोरी डूब री है!" आणि दोर आणखीच ताणला जात होता.

मग एकदम तो सैल पडला.

आत्याने मला केसांना धरून वर काढलं. घाटावर मी ओकत होते आणि आई तशीच पायरीवर बसून होती, रिकाम्या मुठी घट्ट मिटलेल्या. आत्याला म्हणाली, "वन्सं, मी सोडला तेव्हा मला वाटलं, मीच हिला सोडून दिली."

दुसऱ्या दिवशी आत्या आम्हाला पुन्हा तळ्यावर चला म्हणेल असं मला वाटलं नव्हतं, आणि आई निघेल असं तर मुळीच नाही. ती निघाली. दोर घेतला नाही. घाटावर तळ्याकडे पाठ करून बसली आणि मला म्हणाली, "बोलत राहा. काहीही बोल, पण गप्प राहू नको." मी पाढे म्हणत, आरत्या म्हणत पोहले. दम लागून मधे थांबले, की तिची पाठ ताठ व्हायची. त्या सुट्टीत मी पोहायला शिकले ते असं, भीत भीत आणि मोठमोठ्याने.

मंडळ पुढे बरीच वर्षं चाललं. मग मुली सासरी गेल्या, इंदूरला शिकायला गेल्या. आत्याचे गुडघे धरले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका उन्हाळ्यात तळं पार आटलं. तेव्हा मी नोकरी करत होते. आईला बघायचं होतं, म्हणून आम्ही दोघी भेगाळलेल्या तळात उतरलो. तिच्या मानाने मी आता चांगली उंच होते.

"कुठे गं?" तिने विचारलं.

"इथेच कुठेतरी."

तिने मान वर करून घाटाकडे पाहिलं. ती बसायची ती पायरी आमच्या डोक्याच्याही खूप वर होती. "एवढं खोल?" असं काहीतरी ती पुटपुटली, आणि तिने माझं मनगट धरलं. कोरड्या ठणठणीत जमिनीवर ती पूर्वी दोर आवळायची तशी ते आवळून उभी होती. "चल वर," म्हणाली. मी हात सोडवून घेतला नाही. पाणी केव्हाच गेलं होतं. खोली जिथल्या तिथे होती.