आपांनी दिलेला बीपी

आपांच्या हाती एकदा कुणाचा दंड सापडला की तो माणूस बीपीचा पेशंट झालाच म्हणून समजा. परतूरकडच्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या त्या सिस्टर. सगळं गाव त्यांना आपा म्हणायचं. मला बीपी नव्हता. मला कॅप्सूलचं व्यसन होतं.

मोटारसायकलवरून पडून पाय मोडला, तेव्हा दुखणं थांबायला त्या कॅप्सूल मिळाल्या होत्या. पाय जुळला, कॅप्सूल सुटेनात. जिल्हा परिषद शाळेचा मास्तर, आणि सकाळी कॅप्सूल पोटात गेल्याशिवाय हातातला खडू स्थिर राहीना! त्यावरचे उपचार गावच्याच केंद्रात मिळू लागले, तरी महिनाभर मी गेटवरूनच परत फिरत होतो. शेवटी आपांनीच हटकलं. "गुरुजी, आत या. इथं येणाऱ्याला बीपीबी असतो, शुगरबी असते. कोण इचारून राह्यलंय?"

रोज शाळेआधी त्या मला व्यसन सोडवायची गोळी जिभेखाली ठेवायला लावायच्या. ती विरेपर्यंत बोलायचं नाही. तेवढा वेळ दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळलेला. दारातून कुणी डोकावलं की आपा मोठ्याने म्हणायच्या, "गुरुजी, लोणचं बिलकुल बंद करा!" मला हसू यायचं आणि गोळी सांभाळावी लागायची.

"ही गोष्ट या खोलीच्या भाईर जाणार न्हाई," असा शब्द त्यांनी दिला होता. त्या शब्दाच्या भरवशावरच मी सावरत गेलो.

घरीही मी बीपीच सांगितला. माझ्या बायकोने, सुनंदाने, तो इतका मनावर घेतला की सगळ्या घराचं मीठ कमी केलं, मुलीच्या भाजीतलंसुद्धा. एक दिवस ती मला न सांगता आपांकडे गेली. "यांना अर्धांगवायू तर होणार न्हाई ना?" म्हणून रडायला लागली. आणि आपांनी सगळं सांगून टाकलं.

मी शाळेतून आलो तर घराला कुलूप. 'आपांनी सगळं सांगितलं' एवढीच चिठ्ठी दाराच्या फटीत ठेवून सुनंदा मुलीला घेऊन भोकरदनला, माहेरी निघून गेली होती.

मी तणतणत केंद्रात गेलो. "आपा, केसाने गळा कापलात तुम्ही माझा!"

"कापला, बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पण तिचं रडणं बघून माझ्याच्यानं खोटं बोलवलं न्हाई. मंग काय करू? गोळी मात्र चुकवू नका."

गोळी मी चुकवली नाही, आपांशी बोलणं मात्र टाकलं. त्यांची बदली झाली तेव्हा त्या निरोप घ्यायला शाळेत आल्या. "वर्ग चालू आहे," म्हणून मी पोरांदेखत दार लोटून घेतलं.

पुढे सुनंदा परत आली. मग कळलं की आपा सुट्टी काढून दोनदा एसटीने भोकरदनला गेल्या होत्या. "माणूस रोज येऊन राह्यलाय, एक दिवस चुकला न्हाई," असं तिच्या आईसमोर ठासून सांगून आल्या होत्या. म्हणजे सासूलाही कळलं!

आता गोळीही सुटली आहे. राग सुटलेला नाही. परवा सुनंदाला म्हणालो, "आपांनी सांगायला नको होतं. मी स्वतःच सांगणार होतो तुला."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "कधी?"