उलटा पेला

फ्रीटाउनच्या कीसी वस्तीतल्या आमच्या अताया चहाच्या अड्ड्यावर शेवटचा शब्द आन्सुमाना यांचा; सगळे त्यांना पा, म्हणजे बाबा, म्हणतात. जन्मभर बंदरात ओझी वाहिली, देशातल्या यादवी लढाईत थोरला मुलगा गमावला, आणि लढाई संपल्यावर चार मित्रांना घेऊन चहाची ही शेगडी पेटवली. त्या पाच जणांचे पेले ठरलेले, बाकही ठरलेला. आम्ही बाकीचे विटांवर बसून कडू अताया पितो आणि जगाची उठाठेव करतो. पाचांपैकी एकाने जरी पेला उलटा ठेवला तरी तो विषय मेला, पुन्हा काढायचा नाही. हा नियमही त्यांनीच घातलेला.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा विषय निघाला की म्हातारा पेटायचा. आफ्रिकेला तिथे कायमच्या दोन जागा हव्यात, त्याही नकाराधिकारासकट, हे फ्रीटाउनमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्यांच्यासारखं कुणी सांगत नसे. म्हणून तर रेडिओवाली कादी माइक घेऊन अड्ड्यावर आली.

"भांडणं आमच्या घरची आणि निवाडा करणार ते पाच बडे देश," पा आन्सुमाना तिला म्हणाले. "आमच्याबद्दल ठरवताय, तर आम्हाला बसायला जागा द्या की."

"ते ऐकत का नसतील?"

"लाज असावी लागते, बाई. ती त्यांना नाही."

दुसऱ्याच दिवशी दुपारी याबोम आली. ती विधवा. अड्ड्यासमोरच्या आंब्याखाली कसावाच्या कंदाची भाकरी आणि तळलेला मासा विकते. आमच्यातले निम्मे तिच्या कढईवर पोसलेले. गल्लीत कुणी कुठे बसून विकायचं हे अड्डाच ठरवतो, आणि तिला नाल्याकडे हलवायचं घाटत होतं. तिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणून तिने अड्ड्यावर बसायला जागा मागितली, निदान बोलता तरी यावं. आजवर कुणी बाई तिथे बसली नव्हती. चार पेले सरळ राहिले. पा आन्सुमानांनी मात्र गप्पा मारता मारता, नुसत्या सवयीने, आपला पेला उलटा ठेवला.

याबोम भांडली नाही. "पा, काल रेडिओवर तुमचं ऐकलं, म्हणून आले होते," एवढं बोलून कढईकडे परत गेली.

म्हाताऱ्याचं तोंड बघवेना. आम्हीही माना खाली घातल्या; तिची बाजू आमच्यातल्या एकानेही घेतली नव्हती.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी पेला सरळ केला आणि सगळे जमल्यावर चुकलो म्हणून कबूल करून याबोमला बसू द्या म्हणाले. तेव्हा पाचांतला शिंपी लामरान सावकाश बोलला, "मेलेला विषय उकरायचा नाही, पा. माझ्या मुलाला गल्लीत विकायला बसू द्या म्हणून मी पाया पडलो होतो, तेव्हा हेच म्हणाला होतात." आणि त्याने स्वतःचा पेला उलटा केला.

याबोम नाल्याकडे गेली.

आता पा आन्सुमाना अड्ड्यावर येत नाहीत. नाल्याच्या काठी उभ्याने तिची भाकरी खातात. ती स्टूल पुढे करते, पण ते बसत नाहीत. परवा कादीने त्यांना तिथेच गाठलं. ते पाच देश अजून हलत नाहीत, तुम्ही म्हणालात तेच खरं, लाज नाही ना त्यांना, असं विचारू लागली.

म्हाताऱ्याने घास गिळला.

"लाज असेलही त्यांना, बाई," ते म्हणाले. "मलाही आहे. त्या लाजेने याबोमला परत आंब्याखाली नेलं का?"